स्कूटरपासून सात पावलं

माझं लग्न ठरण्यात एकच अडचण होती, ती म्हणजे मी. मुलीच्या वडिलांचं म्हणणं होतं, "या मुलाने आजवर काही सांभाळलंय का?" तेच तपासायला ते रविवारी चार वाजता आमच्या घरी येणार होते. माझ्याकडे पुरावा एकच होता: अंगणातला गुलाब. मीच माती टाकून वाफा केला, मीच तो लावला, आणि तो असा फोफावला की शेजारी कलमं मागायला येत.

घर सुवासिक वाटावं म्हणून आठवडाभर मी रोज संडासात एक बाटली जंतुनाशक ओतलं. रविवारी सकाळी संडासातलं पाणी खाली जायचं सोडून वर आमची चौकशी करायला आलं.

बाबांनी मैला उपसणारा टँकर बोलावला. टँकरवाल्याने रिकाम्या बाटल्यांकडे पाहिलं.

"टाकीतला मैला जंतूच कुजवतात, भाऊ. तुम्ही त्यांनाच मारलंत."

"या घरात न सांगता काम करणारे तेवढेच होते," आई म्हणाली.

"बरं, झाकण कुठंय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. चार वर्षांपूर्वी टाकी उपसली, तेव्हा झाकणाची जागा लिहून ठेवायचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं होतं. आणि मी ते चोख केलं होतं! वही आणून मी खणखणीत आवाजात वाचलं, "बाबांच्या स्कूटरच्या मागच्या चाकापासून सात पावलं."

स्कूटर विकून तीन वर्षं झाली होती.

"ज्यांनी घेतली त्यांना फोन लावू का?"

"लाव," बाबा म्हणाले. "आणि राहायलाही तिकडेच जा."

साडेतीनपर्यंत मी तीन खड्डे खणले. तिन्हींत माती निघाली, तीही उत्तम प्रतीची. टँकरवाला मात्र गुलाबाकडे टक लावून बघत होता.

"हा एवढा कसा वाढला?"

"मेहनत."

"पाणी किती घालता?"

आठवून पाहिलं. एकदाही घातलं नव्हतं.

त्याने माझ्या हातात फावडं दिलं. मी माझा एकमेव पुरावा मुळासकट उपटला. हातभर खाली फावडं ठण्णकन वाजलं, आणि त्याच क्षणी फाटकही वाजलं. तिचे वडील वेळेआधी आले होते. मी गुडघाभर खड्ड्यात, कडेवर गुलाब.

"हे काय चाललंय?"

खोटं सुचेना, म्हणून सगळं सांगितलं. बाटल्या, वाफा, स्कूटर. त्यांनी वही मागून घेतली, ते पान दोनदा वाचलं आणि मला बाजूला नेलं.

"आमची मांजर जिथं बसायची, तिथून मी पाच पावलं मोजली होती," ते हळूच म्हणाले.

"मग?"

"वारली."

त्यांनी वही मिटून मला परत दिली.

"पुढच्या रविवारी घरी या, जावईबापू. फावडं घेऊन." फाटकापर्यंत जाऊन ते परत वळले. "वही आणू नका."