खुंटीवरची किल्ली

मी गाडी बोलतेय, नागपुरात सक्करदऱ्याच्या एका इमारतीखाली उभी असते ती. कोणाची म्हणून विचारू नका, सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

आधी मी एकट्या रुपरावांची. आठवडाभर धूळ खायची, रविवारी कळमन्याच्या बाजारात संत्री आणायला जायचं, की पुन्हा धूळ. शेजारच्या दोन घरांच्या गाड्यांचंही तेच. शेवटी त्या दोन्ही विकून तिन्ही घरांनी मला सामाईक ठेवलं. किल्ली जिन्यातल्या खुंटीवर. काम असेल त्यानं न्यावी, आल्यावर लटकवावी. आता जवळच्या कामाला मंडळी पायी निघतात, लांब जायचं तर आधी बस बघतात. रुपराव मात्र मला पुसताना "माही गाडी" म्हणतच राहिले. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. दुसरी किल्ली हरवली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

परवा दुपारी त्या तीन घरांतल्या वरच्या यमुताईंचा श्वास कोंडला. त्यांची सून मधुवंती त्यांना धरून धरून खाली घेऊन आली, माझ्या दाराला टेकवलं आणि खुंटीकडे धावली. खुंटी रिकामी होती.

मला आतून पुसून झाल्यावर रुपरावांनी जुन्या सवयीनं किल्ली खिशात टाकली होती आणि मित्राच्या स्कूटरवर लकडगंजला गेले होते. फोन उचलत नव्हते. अँब्युलन्सवाला नुसता "निघालो" म्हणत होता. यमुताईंचे ओठ निळे पडले, हात माझ्या काचेवरून घसरू लागला, आणि मी बंदची बंद. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

रुपरावांची बायको मेघा जिन्यात थिजून उभी होती.

"काहून उभी आहे वं? भाऊजीले पुन्हा फोन लाव ना," मधुवंती रडकुंडीला आली.

मेघा वर पळाली. परत आली तेव्हा हातात लाल कापडात बांधलेली किल्ली होती. देवघरातली.

"हरवली नव्हती," एवढंच म्हणाली आणि स्टिअरिंगवर बसली. त्या दिवशी मी दवाखान्यापर्यंत जीव तोडून धावले.

यमुताई वाचल्या. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी सगळं कळल्यावर रुपराव आले. खुंटीवर ते लाल कापड लटकत होतं. ते त्यांनी ओळखलं. मग खिशातली किल्ली काढून शेजारी अडकवली आणि मधुवंतीच्या दाराशी गेले.

"यमुताईचा डबा मी नेऊन देतो. गाडी... नेऊ का?"

मला नेताना त्यांनी कोणाला विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता "माही गाडी" ऐकू येत नाही. थोडं चुकल्यासारखं होतं. पण बाबांनो, मला कोणाचीही म्हणा, किल्ली तेवढी खिशात नेऊ नका.