तपासनिसाची यादी

कारखाना बंद पडल्यापासून दोन वर्षं तपासनीस भिंतीकडे तोंड करून पडून होता. तीस वर्षं गेज लावून बेअरिंग तपासलेला माणूस. केसाएवढी खोट दिसली की माल परत, मग साहेब कितीही आदळआपट करो. त्याला नावानं कुणी हाक मारायचंच नाही, सगळ्यांचा तो तपासनीस. कारखान्यामागोमाग कामगारांचा क्लब गेला, तिथला कॅरम गेला, आणि "काय तपासनीस, कसं काय?" म्हणणारी माणसंही पांगली. उरली बायको. ती बिचारी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे मुलांचं रांधून यायची. घरी आल्यावर बोलायचं त्राण कुठलं उरायला!

मग कोपऱ्यावर ‘आपली माणसं’वाल्यांचं ऑफिस उघडलं. त्यांच्या प्रमुखानं एकदा हाक मारली, "काका, या ना, बसा." बस्स, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी तपासनिसानं दाढी केली. आठवड्याभरात शर्टाला इस्त्री मागितली, आणि जेवताना चक्क हसला. आता बायकोला आणखी काय हवं असतं हो? माणूस हातचा गेला असं धरून चालली होती ती. मोरीत जाऊन पोटभर रडली.

तिथं काय बोलतात ते तिच्या कानावर आलं नव्हतं असं नाही. बाहेरच्यांनी कामं खाल्ली म्हणे! मालकानं यंत्रं ट्रकांत भरून नेली ती तिनं या डोळ्यांनी पाहिली होती, आणि तेव्हा खालच्या मजल्यावर राहणारी, बाहेरून आलेली नर्स या गावात आलीही नव्हती. पण दुभत्या गाईच्या लाथा गोड. तिनं कानाडोळा केला.

पुढं प्रमुखानं तपासनिसावर काम सोपवलं. गल्लीत जन्मानं बाहेरचे कोण कोण, त्यांची यादी करायची. चार दिवस तो टेबलाशी खपत होता. रविवारी दुपारी पेन खाली ठेवून खुलून म्हणाला, "प्रमुख म्हणाले, ‘काका, असं चोख काम तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही.’"

"बघू तरी," म्हणत बायकोनं कागद ओढला. पहिलं नाव नर्सचं. सहाव्या ओळीत तिचं स्वतःचं. जन्मगाव, लग्न होऊन आली ते साल, सगळं वळणदार अक्षरात.

"अहो, हे काय?"

"अगं, नियम म्हणजे नियम. तू नदीपलीकडची ना? घरचं माणूस वगळलं तर ती तपासणी कसली? आणि तुला काही होणार नाही, मी बोललोय त्यांच्याशी."

"नर्सबद्दल कोण बोललंय? तुम्ही तापानं फणफणला होतात तेव्हा पाच दिवस इंजेक्शन द्यायला कोण जिना चढत होतं?"

तपासनिसानं पेनाला टोपण लावलं.

"मग मी बॅग भरू का आत्ताच?" ती चेष्टेनं म्हणायला गेली, पण चेष्टा काही साधली नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून प्रमुखाची हाक आली, "काका, झाली का यादी?" तपासनीस कागद घेऊन उठला. तिनं त्याला अडवलं नाही. नुसतं विचारलं, "तिथं असं काय मिळतं हो तुम्हाला?"

"विचारतात गं मला," तो म्हणाला. "जेवलात का, झोप लागली का, विचारतात. तू विचारायचं सोडलंस."

खोटं असतं तर ती कडाकडा भांडली असती. पण खरं होतं. दमून यायचं, ताट वाढायचं, त्याच्या पाठीकडे बघत झोपून जायचं.

"चुकलं माझं," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा. काल झोप लागली का?"

खालून परत हाक आली. तपासनीस दाराकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. ओ न देताच तो खुर्चीत बसला.

"नाही लागली," तो म्हणाला. "त्या नर्सचं नाव लिहिलं, त्या दिवसापासून नाही लागली."