खालच्या पट्टीतलं गाणं

प्रेमानंद इंगळे मस्कतला वादी कबीरमध्ये राहायचा आणि रुस्ताककडच्या एका रस्त्याच्या कामावर इंजिनियर होता. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुऊन तो आधी मूर्तिजापूरला आईला फोन लावायचा. आईची स्मरणशक्ती गेल्या काही वर्षांत विरत चालली होती. धाकटा भाऊ अतुल तिला सांभाळायचा, पण त्यालाच ती कधी दीर समजायची, कधी दूधवाला. व्हिडिओवर चेहरा दाखवला तर घाबरून तोंड फिरवायची. प्रेमानंदला मात्र ती ओळखायची, कारण तो तिला गाऊन दाखवायचा.

वडिलांची गायन पार्टी होती. बुद्धजयंतीला, चौदा एप्रिलला गावोगाव जायची. वडील पेटीवर, आई कोरसमध्ये. वडिलांनी स्वतः रचलेलं एक गाणं होतं. त्याचा अंतरा चढत चढत इतका वर जायचा की पार्टीतले बाकीचे तिथे थांबायचे आणि बाप-लेक दोघंच पुढे जायचे. प्रेमानंद फोनवर तो अंतरा घ्यायचा. तो सूर वर पोचला की आई हसायची. "आला माहा प्रेमा," म्हणायची. मग पाच-दहा मिनिटं ती खरोखर त्याची आई असायची. जेवला का, बायको श्वेता बरी आहे का, पोरगी शाळेत जाते का, सगळं विचारायची.

आवाज कधी बसायला लागला ते त्याच्याही लक्षात आलं नाही. साइटवर धूळ असते, घसा धरतो, असं वाटलं. मग छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी, सकाळी उठल्यावर घशात काहीतरी अडकल्यासारखं. त्या वर्षी मस्कतमधल्या मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमात गाताना आवाज मध्येच फाटला. लोकांनी टाळ्या वाजवून सांभाळून घेतलं. पण फोनवर सांभाळून घेणारं कोणी नव्हतं. अंतऱ्यावर आवाज चिरकला की आई गप्प व्हायची, आणि थोड्या वेळाने अतुल म्हणायचा, "दादा, तिने फोन खाली ठेवला रे."

इस्पितळात दुर्बीण घालून तपासलं. गंभीर काही नव्हतं. पोटातलं आम्ल वर येत होतं, अन्ननलिका लाल झाली होती, झोपेत ते घशापर्यंत चढून स्वरयंत्राला सूज आणत होतं. गोळ्या सुरू झाल्या. जळजळ कमी झाली. आवाज तसाच राहिला.

श्वेताच्या ऑफिसमधल्या एका बाईला रुवीतल्या चिनी दवाखान्यात गुण आला होता. श्वेताने विषय काढताच प्रेमानंद चिडला.

"बाबांच्या काविळीला वैदूच्या अशाच पुड्या देत राहिलो. डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. तुला माहीत आहे."

"माहीत आहे, म्हणून तर इस्पितळ आधी केलं," श्वेता म्हणाली. "तू जे विचारायचंय ते विचार. नाही पटलं तर उठून येऊ."

डॉक्टरीण साठीची, बारीक, चीनहून येऊन इथेच स्थिरावलेली. तिला अरबी येत होतं, इंग्रजी फारसं नाही. हिबा नावाची ओमानी मुलगी मध्ये बसून इंग्रजीत सांगायची. बाईने दोन्ही मनगटांवर बोटं ठेवली, जीभ पाहिली, इस्पितळाचे कागद मागून घेतले. मग प्रेमानंदने सरळ विचारलं, "हे काम कसं करतं?"

"जुनं उत्तर सांगू की नवं?" हिबाने तिचा प्रश्न पोचवला.

"दोन्ही."

जुनं उत्तर असं की पोटाची चाल खाली जाण्याची असते. काळजी आणि राग साठला, अवेळी खाल्लं, की ती उलटी वर चढते. औषधाने तिला पुन्हा खालची वाट दाखवायची. मग नवं. बाईने खण उघडून काही गोष्टी टेबलावर मांडल्या. एक पिवळी मुळी, तिने आम्ल आणि सूज कमी होते असं दिसलंय. एक कंद, कच्चा विषारी, म्हणून आलं घालून शिजवलेला. त्याने मळमळ थांबते, पोट वेळेवर रिकामं होतं, मग वर यायला फारसं काही उरत नाही. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक झडप असते, ती सैल पडली की त्रास. काही मुळ्यांनी ती थोडी आवळते, असं काही अभ्यासांत आढळलंय. शेवटी तिने एक पांढरा, हलका तुकडा ठेवला. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या पाठीचं हाड.

"ही तर खडूच्या जातीची वस्तू," प्रेमानंद म्हणाला. "आम्ल मारणारच."

बाई पहिल्यांदा हसली. मग गंभीर होऊन बराच वेळ बोलली. हिबाने सांगितलं, "त्या म्हणतात, अभ्यास आहेत, पण बरेचसे लहान. खात्री देता येत नाही. इस्पितळाची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. औषधात ज्येष्ठमध आहे, त्याने रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा तो तपासत राहायचा. आणि आवाजाचं वचन त्या देत नाहीत."

तो निघाला तेव्हा पुडे त्याच्या हातात होते. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बाबांच्या वैदूने 'माहीत नाही' असं एकदा तरी म्हणायला हवं होतं."

काढा भयंकर कडू होता. सगळ्या फ्लॅटमध्ये ओल्या लाकडासारखा वास भरायचा. मुलगी, अकरा वर्षांची प्रणाली, नाक धरून "पप्पा, धिस इज सो गंदा" म्हणत खोलीत पळायची. प्रेमानंद निमूट प्यायचा. रुस्ताकला डबा वेळेवर खायला लागला, पलंगाची उशीकडची बाजू विटा लावून उंच केली. हळूहळू तोंडातलं आंबट पाणी थांबलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं, सूज उतरली म्हणाले, गोळी अर्धी केली. काढ्याने की उंच पलंगाने की वेळेवर जेवल्याने, ते कोणी सांगू शकलं नाही.

आणि आवाज आला. एका शुक्रवारी सकाळी भाजी निवडता निवडता श्वेताला तो न्हाणीघरातून ऐकू आला. ती तशीच हात थांबवून बसली. आवाज मोकळा होता, भरलेला, कुठेही चिरकत नव्हता. फक्त तो खालचा होता. अंतऱ्याशी येऊन वळायचा, वर जायचा नाही.

घशाच्या डॉक्टरांनी समजावलं, "फार दिवस सूज राहिली. स्वरतंतू जाड झालेत. आता आहे तो आवाज तुमचा."

त्या संध्याकाळी त्याने फोन लावला. अतुलने स्पीकर आईच्या कानाशी धरला. प्रेमानंदने गाणं खालच्या पट्टीत घेतलं आणि अंतराही त्याच पट्टीत, चुकू न देता, पूर्ण म्हटला. मग आईचा आवाज आला, शेजारच्याला विचारावं तसा.

"कोन व्हय हे? गाते चांगलं."

"माय, प्रेमा दादा आहे," अतुल म्हणाला.

"प्रेमाचा आवाज लय वर जाते. हे दुसरंच कोनी हाय. पन म्हनू दे, ऐकू दे."

प्रेमानंदने तिला लहानपणच्या खुणा सांगितल्या. विहिरीजवळचं घर, वडिलांची पेटी, तिच्या कपाळावरची जखम. ती ऐकत होती, पण परक्याचं ऐकावं तशी, मध्येच "हो का वो भाऊ" म्हणत. शेवटी तो थकला. श्वेताने त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "तिला गाणं आवडलंय ना? मग गा."

तेव्हापासून तो तिच्यासाठी फोनवरचा गाणारा माणूस झाला. रोज ती त्याची वाट पाहायची. "ते भाऊ आले का?" म्हणून अतुलच्या मागे लागायची. त्याच्याशी आदराने बोलायची, तुमी-तुमी करायची. आईने अहो-जाहो केलं की तो लगेच पुढचं गाणं धरायचा.

एकदा गाणं संपल्यावर ती म्हणाली, "भाऊ, तुमी मस्कतले रायता न?"

"हो."

"माहा पोरगा बी तिथंच हाय. लय दिवस झाले, त्याचा फोन नाई. नाराज हाय का काय मालूम. भेटला तं त्याले सांगजा, मायले एक फोन कर म्हना."

श्वेता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पाहिलं, प्रेमानंदने डोळे मिटले, फोन दोन्ही हातांनी धरला.

"सांगतो," तो म्हणाला. "नाराज नाही तो. कामात असतो."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "गा आता."

थंडी संपता संपता ती गेली. दुपारी जेवून आडवी झाली आणि उठलीच नाही. प्रेमानंद मिळेल त्या विमानाने निघाला. तो पोचला तेव्हा अंत्ययात्रेची सगळी तयारी झाली होती, फक्त त्याच्यासाठी थांबले होते. वडिलांच्या पार्टीतले दोन म्हातारे आले होते. त्यांनी त्याला गायला सांगितलं नाही आणि तो गायलाही नाही.

जलदान विधीच्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, अतुलची बायको अश्लेषा त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन आली. ती जरा घुटमळली.

"दादा, सांगू की नको कळत नव्हतं. मायनं मला बजावून ठेवलं होतं. ते गाणारे भाऊ कधी घरी आले तर त्यांना चहा दिल्याबिगर जाऊ द्यायचं नाही म्हणून."

प्रेमानंदने कप घेतला. ओट्यावर बसला. अश्लेषा तिथेच उभी राहिली. मग त्याने चहा प्यायला, सगळा, आणि रिकामा कप तिच्या हातात देताना परक्या पाहुण्याने म्हणावं तसं म्हणाला, "चांगला झाला होता, वहिनी."

आत अतुल आईच्या खोलीतली खाट बाहेर काढत होता. प्रेमानंद उठून त्याला हात द्यायला गेला.