अकरा वाजताची बरणी

हे मी सांगायचं नाही, असं ठरलं होतं. मास्तरांनी माझ्या झाकणावर हात ठेवून हळूच बजावलं होतं, "कुणाजवळ बोलू नकोस हं." पण जिच्या पोटातलं सगळं आरपार दिसतं, तिच्याजवळ गुपित ठेवावंच कशाला?

मी बिस्किटांची बरणी बोलतेय. जाड काचेची, लाल झाकणाची. मी आधी जॅमची होते. जॅम संपला आणि मी शिलाई मशीनशेजारच्या फळीवर आले. मास्तर घरीच कपडे शिवतात. सकाळी पांढरा पाव, वर जॅम, गोड चहा. आणि अकराच्या ठोक्याला हात माझ्याकडे. "पोटात कावळे ओरडतायत," म्हणत ते सहा बिस्किटं उचलायचे. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, याचा मला फार अभिमान होता.

मग मास्तरांना सुईत दोरा ओवता येईना. चष्मा बदलला, तरी नेढं धूसरच. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "साखर वाढलीये. तीन महिने खाणं सांभाळा, नाहीतर डोळ्यांवर बेतेल." शिंप्याला याहून मोठी धमकी कुठली?

लेकीने ते मनावर घेतलं. नववीतली, घरातही कमी बोलणारी मुलगी. पण शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी तिने चक्क वडीलच निवडले. न्याहारीला उकडलेले हरभरे, ओट्स, सालासकट सफरचंद.

"बाबा, यातले तंतू आणि प्रथिनं सावकाश पचतात. साखर एकदम चढत नाही, भूकही उशिरा लागते."

"म्हणजे घोड्याचं खाणं मला घालणार?"

"घोड्याला चष्मा लागलेला पाहिलात का कधी?" आई आतून म्हणाली.

माझ्या काचेवर कागदाची पट्टी चिकटली. बिस्किटं कुठवर आहेत, तिथे लेक रोज संध्याकाळी पेनाने रेघ मारून प्रकल्पाच्या तक्त्यात नोंद करू लागली.

रेघ पहिल्या दिवसापासून हललीच नाही! घरात कौतुकाला उधाण आलं. खरं काय ते मला ठाऊक होतं. हरभरे खिडकीतून कबुतरांना जात होते. अकराला मास्तर माझ्यातली सहा बिस्किटं खायचे आणि अस्तराच्या खणात लपवलेल्या पुड्यातून बरोब्बर सहा परत भरायचे. प्रयोग उत्तम चालला होता. पंधरवड्यात कबुतरांची तब्येत फारच सुधारली.

पंधराव्या दिवशी मास्तरांनी लेकीच्याच गणवेशाला डावी बाही उजवीकडे जोडली. तिने तो अंगात घालून पाहिला. हसली नाही, रागावली नाही. "राहू द्या बाबा, मी उसवते," म्हणाली आणि त्यांच्यासाठी सुईत दोरा ओवून ठेवला. मास्तर बराच वेळ ती सुई नुसतीच हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी कबुतरं उपाशी राहिली.

अकरा वाजले. मी झाकण सावरून तयार होते. कुणी आलं नाही. बारा वाजले. एक वाजता मास्तर म्हणाले, "अरेच्चा, आज भुकेची आठवणच झाली नाही!" इतक्या वर्षांच्या सेवेचं हे फळ. रेघ मात्र जागच्या जागीच होती, त्यामुळे काही बदललंय हे कुणाला कळलंसुद्धा नाही.

काल तीन महिने भरले. साखर खाली आली. आज सकाळी मास्तरांनी पहिल्याच झटक्यात दोरा ओवला, आणि कुणी पाहिलं का म्हणून वळून बघितलं. मी पाहिलं.

लेक मला पुरावा म्हणून शाळेत नेणार आहे. ती मला पुसत होती, तेवढ्यात मास्तर तो मऊ पडलेला पुडा घेऊन समोर उभे राहिले.

"तुझ्या तक्त्यातले पहिले पंधरा दिवस उसव."

"का, बाबा?"

त्यांनी मान खाली घातली. "हिला विचार. हिला सगळं माहीत आहे."

शपथ मला घातली, मोडली त्यांनी! लेकीने मला उजेडात धरलं आणि पट्टीवरची ती न हललेली रेघ पुन्हा निरखून पाहू लागली. एरवी सगळे माझ्याकडे बिस्किटांसाठी बघतात. आता मात्र राहवेना, मी सांगायला लागले की पोरी, पहिल्या दिवशी सकाळी तुझी पाठ वळली आणि यांनी खिडकी—

"अगं, आण ती बरणी! शाळेची घंटा होईल!" आई दारातून ओरडली.