दोन कुलपांचा वासा

मी एक जुना वासा आहे. घराच्या छपरातला नव्हे, नाक्यावरचा. रस्त्यावर आडवं पडून माणसं थांबवायची आणि दोर सुटला की उभं राहून त्यांना जाऊ द्यायचं, एवढंच काम मी केलं. मित्रांनो, जुन्या छत्रीनं किंवा जुन्या पाटीनं सांगितलेली कहाणी तुम्ही वाचली असेल. छत्रीच्या हातून फार तर कुणी भिजतं. माझ्या हातून काय झालं ते ऐका आणि मग मला ठेवायचं का ते ठरवा.

मी दाजीपूरच्या रानातला साग. कोल्हापूरच्या सुतारानं मला तासून गुळगुळीत केलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शंभर वर्षं ह्यो मोडायचा न्हाय. कुऱ्हाड मागं सरंल, पर ह्यो न्हाय." मला फार अभिमान वाटला. कौतुक ऐकताना त्याचा पुढं कुणाला त्रास होईल, हे लाकडालाही सुचत नाही आणि माणसालाही.

कागलच्या पुढं, मोठा रस्ता सोडून एका ओढ्यापाशी मला बसवलं. जाड टोकाला वजन म्हणून जात्याची तळी, बारीक टोकाला दोर. तेव्हा ओढ्याच्या अलीकडं करवीर संस्थान होतं आणि पलीकडं इंग्रजांचा मुलूख. ये-जा करणाऱ्या मालावर जकात होती. थांबलेल्या माणसाचा स्वभाव मी लगेच ओळखायला लागलो. ज्याच्याकडं काहीच नसायचं तो भांडायचा. ज्यानं गवताखाली गुळाच्या ढेपा दडवलेल्या असायच्या, तो नाकेदाराच्या पोराबाळांची चौकशी करायचा.

मग इंग्रज गेले. दीड वर्षानं, १९४९ च्या मार्चमध्ये, संस्थान मुंबई प्रांतात मिळालं. दोन्ही काठ एकाच सरकारचे झाले. नाकेदारानं मला उभं केलं, दोर सोडून घेतला आणि निघून गेला. सात वर्षं मी हात वर करून उभा होतो. माझ्यावर कावळे बसत, खालून वऱ्हाडं जात, आणि मला कुणी विचारत नसे. खरं सांगतो, माझी सुखाची वर्षं तेवढीच.

१९५६ साली भाषेप्रमाणं राज्यं करायची ठरलं. लांबून बघणाऱ्याला ते सोपं वाटलं असेल. मी ओढ्याकाठी होतो. पलीकडच्या वाडीतली बाई म्हशीशी कानडीत बोलायची, नवऱ्याशी मराठीत भांडायची आणि बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन प्राकृतात देवाला आळवायची. एवढ्या घराची नोंद कुठल्या रकान्यात करणार? पण रेघ कुठंतरी मारावी लागते. ती ओढ्यावरून गेली. पलीकडं म्हैसूर राज्य, अलीकडं मुंबई राज्य, दोन्हींच्या वर दिल्ली. मला परत आडवं केलं. पुढं मुंबईचं महाराष्ट्र झालं, म्हैसूरचं कर्नाटक झालं. पाट्या नव्यानं रंगल्या. माझे काळे-पांढरे पट्टे तेच राहिले.

२०१७ च्या जुलैत सगळ्या देशाला एकच कर आला आणि कराचे नाके उठले. मी चिखलात पडलो. वाडीतल्या बापूसो मगदूम यांनी मला मागून नेलं, तेलपाणी केलं आणि गोठ्यात तुळई म्हणून घातलं. जैन शेतकरी, उसाची चार एकरं, गावात शब्दाला मान. तिथंच मी त्यांच्या बायकोला, राजमती आक्कांना ओळखू लागलो. आक्का साठीच्या. बोलायला तिखट. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी बापूसो त्यांना गाडीत घालून कोल्हापूरला, राजारामपुरीतल्या दवाखान्यात डायलिसिसला न्यायचे. आक्का त्याला 'रक्त धुवायला जाणं' म्हणायच्या. गाडीनं दीड तास लागायचा. वाटेत राज्य बदलतं, हे त्यांच्या ध्यानातही नसायचं.

२०२० चा मार्च आला. करोनाच्या भीतीनं गावागावानं स्वतःच वाटा अडवल्या. वाडीची बैठक बापूसोंच्या अंगणात भरली.

"पुण्या-मुंबईचं कोण बी आत घ्यायचं न्हाय," बापूसो म्हणाले. "माज्या गोठ्यातला वासा काढा. पुन्यांदा नाक्यावर बसवू."

"आणि मला भाईर कोण सोडणार?" आक्कांनी सोप्यातून विचारलं.

"तुज्यासाटी मी हाय की दोराजवळ!"

सगळे हसले. मला खांद्यावर घेऊन मिरवत नेलं. मित्रांनो, त्या दिवशी माझीही छाती फुगली होती. हे मी लपवत नाही.

पहिले दहा दिवस बापूसो स्वतः दोर सोडायचे, आक्कांना घेऊन जायचे, आणायचे. मग राज्यांनी आपापल्या सीमा बंद केल्या. गावानं बसवलेला वासा तयारच होता, तो दोन्ही सरकारांना आयता सापडला. माझ्या अलीकडं एक टेबल आलं, पलीकडं एक. माझ्या कडीला दोन कुलपं लागली. एक या राज्याचं, एक त्या राज्याचं. दोन्ही उघडली तरच मी उठणार.

शाळा बंद असल्यामुळं टेबलांवर शिक्षक बसवले होते. अलीकडं राजारामपुरीतल्या शाळेतले वसंत गुरुजी, नागरिकशास्त्र शिकवणारे. पलीकडं कन्नड शाळेतले गुरुप्रसाद मास्तर. दोघे माझ्यावरून एकमेकांना चहा द्यायचे. चहाला पास लागत नव्हता.

आक्कांना लागत होता. पलीकडच्या राज्यानं त्यांना सीमेपर्यंत जायचा पास दिला. त्यापुढचा पास अलीकडच्या राज्यानं द्यायचा होता. तो संगणकावर काढायचा, आणि त्यात तालुका निवडायचा. यादीत आक्कांचा तालुकाच नव्हता, कारण तो दुसऱ्या राज्यात होता. बापूसोंनी तीन दिवस फॉर्म भरला. एक सोमवार गेला. एक गुरुवार गेला.

शनिवारी दुपारी गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. आक्कांचा चेहरा सुजला होता. दोन शब्द बोलून त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या, मग तिसरा.

गुरुप्रसाद मास्तरांनी गाडीत एकदा बघितलं आणि आपलं कुलूप काढलं. वसंत गुरुजी मात्र उभेच राहिले. ते नरम आहेत, कुणालाही सोडतील, असं कुणीतरी वर कळवलं होतं. नाक्याची जबाबदारी असलेल्या साहेबांनी त्यांची किल्ली आदल्या दिवशीच काढून घेतली होती. साहेब तालुक्याला बैठकीत. गुरुजींनी सात वेळा फोन लावला. आठव्यांदा लागला.

"साहेब म्हणाले, कलेक्टरांनी कलेक्टरांशी बोलायला पाहिजे," गुरुजींनी सांगितलं. "नाहीतर ते मुंबई-बंगळूरला जाईल."

"मग दिल्लीला जाईल की," बापूसो म्हणाले. "तंवर हिला कुठं ठेवू? अवं गुरुजी, तुमी तर ह्येच शिकवता न्हवं?"

गुरुजी धडा म्हटल्यासारखं पुटपुटले, "आरोग्य राज्याकडं. साथीचा रोग दोघांकडं. राज्याराज्यांतली अडवणूक केंद्राकडं."

"आणि राजमती? राजमती कुणाकडं?"

गुरुजींच्या यादीत ते नाव नव्हतं.

बापूसोंनी गाडीच्या डिकीतून कुऱ्हाड काढली आणि माझ्यावर घातली. मित्रांनो, मी मोडायचा फार प्रयत्न केला. जन्मभर घट्ट धरलेला एकेक तंतू सैल सोडायला बघितला. तेवीस घाव पडले. कपच्या उडाल्या, पट्ट्यांचा रंग उडाला, कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून सुटून ओढ्यात पडलं. मी जागचा हललो नाही. सुतार खोटं बोलला नव्हता. बापूसो माझ्यावरच डोकं टेकून उभे राहिले. ज्याला खांद्यावरून आणला, त्याच्यावरच.

"वाशाच्या खालनं घेऊ या," गुरुप्रसाद मास्तर म्हणाले. "वाका, वाका जरा."

दोघांनी आक्कांना उचलून माझ्याखालून अलीकडं दिलं, वसंत गुरुजींनी धरलं. एवढ्या धापेतही आक्का म्हणाल्या, "माप वलांडून... आत आणलंसा... आता वाशाखालनं... भाईर काढताय व्हय?"

अलीकडं वाहन एकच होतं, गुरुजींची स्कूटर. बापूसोंनी खांद्यावरच्या टॉवेलनं आक्कांना गुरुजींच्या पाठीला बांधलं. तिसऱ्याला जागा नव्हती.

"मी उद्या पास घिऊन येतो," ते म्हणाले.

"म्हशीला... वैरण घाला," आक्का म्हणाल्या.

स्कूटर पोहोचली. आक्का वाचल्या. गुरुजींना कारणे दाखवा नोटीस आली आणि त्यांना नाक्यावरून काढलं. त्यांच्या बायकोनं, पद्मजाताईंनी, आक्कांना आपल्याच फ्लॅटमध्ये ठेवून घेतलं आणि सोमवार-गुरुवार सांभाळला.

पण दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही बाजूंनी काटेरी तार आली, बंदूकवाला पोलीस आला. बापूसोंना पास मिळाला नाही. आक्कांना परत यायचं तर चौदा दिवस गावच्या शाळेत विलगीकरणात बंद राहायला हवं होतं. चौदा दिवसांत दोन सोमवार आणि दोन गुरुवार येतात. दोनदा चुकल्यावर काय होतं, ते सगळ्यांनी बघितलं होतं. म्हणून आक्का कोल्हापुरात आणि बापूसो वाडीत.

बापूसो रोज सकाळी येऊन माझ्याजवळ बसायचे. त्यातल्या त्यात इथूनच बायको जवळ, असा त्यांचा हिशोब. इथूनच फोन लावायचे.

"म्हशीनं दूध कमी केलंय बघ."

"तिला सांगा, मी येतोय म्हणून. आणि गुरुजीच्या घरात आमटीला तिखटच न्हाय हो! पद्मजा पोरगी गुणाची हाय, पर आमटी म्हंजे नुसतं पाणी. मला घरी न्या की."

"न्हेतो."

"कवा?"

"पास आला की."

असे एकेचाळीस दिवस मी मोजले. रोज तेच दोन प्रश्न आणि तीच दोन उत्तरं. फक्त 'कवा' म्हणायला आक्कांना दर आठवड्याला जास्त वेळ लागत गेला.

बेचाळिसाव्या दिवशी फोन तिकडून आला. पद्मजाताई बोलत होत्या. आक्कांचं हृदय सकाळी झोपेतच थांबलं होतं.

दुपारी शववाहिका आली. साहेब स्वतः जीपमधून उतरले, टोपी काढली आणि आपल्या हातानं कुलूप उघडलं. गुरुप्रसाद मास्तरांनी दुसरं उघडलं. तार बाजूला झाली. कुणी फॉर्म मागितला नाही, कुणी तालुका विचारला नाही. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

बापूसोंनी साहेबांकडं बघितलं. "आता पास लागत न्हाय व्हय, साहेब?"

साहेबांनी कुलूप खिशात घातलं. मास्तरांनी दोर सोडला आणि मी उठलो. इतका हलका मी कधीच उठलो नव्हतो.

मित्रांनो, आता मी बंद नाक्याच्या शेडमागं पडून आहे. रस्ता मोकळा आहे, गाड्या भरधाव जातात. पण मधूनमधून दोन राज्यांचं बिनसतं, एसट्या थांबतात, पाट्यांना काळं फासलं जातं, आणि कुणाला तरी माझी आठवण होते. गेल्या महिन्यात दोन माणसं आली होती. काठीनं ठोकून एक दुसऱ्याला म्हणाला, "अजून कडक हाय की रं. नुसता रंग मारला तर चालंल."

माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याकडं शेवटी एकच मागतात, आम्हाला जपा म्हणून. मी तसं म्हणणार नाही. मला रंगवू नका, संग्रहालयात ठेवू नका, आठवण म्हणून दारात उभं करू नका. जपायची तर ओढ्याच्या दोन्ही अंगांची माणसं जपा. त्यांना कुठल्या यादीत घालायचं हे ठरेपर्यंत त्यांना उन्हात बसवू नका. आणि माझ्यासाठी दोघांनी धरायची मोठी करवत आणा. एक टोक इकडच्यानं धरा, एक तिकडच्यानं. तुकडे करा आणि कुणाच्याही बंबात घाला. कुणाचं तरी अंघोळीचं पाणी तापेल, तेवढं तरी काम चांगलं होईल.

पण लवकर करा. ती माणसं माझं माप घेऊन गेली आहेत.