करडू आणि आप्पांचा मोबाइल

सिरसाळ्याच्या स्टँडवर ताराबाईनं एवढी गोडीगुलाबी लावली, की कंडक्टरनं करडू एसटीत घेऊ दिलं. पण अट घातली, "पिशवीतून आवाज आला, की येईल त्या फाट्यावर उतरवीन."

करडू कालचं, आई मेलेली, बाटलीला तोंड लावायला तयार नाही. दिंद्रुडच्या बहिणीच्या शेळीचं पिल्लू पहाटेच मेलं होतं. आजच्या आज हे तिच्या थानाला लागलं तर लागलं. उद्या तीच शेळी याला लाथेनं उडवणार. ताराबाईचा जन्म शेळ्यांमागं गेला होता, तिला हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

आणि नशीब असं थोर, की शेजारी येऊन बसले किराणावाले गुंडप्पा. मोबाइल नाकाजवळ, व्हिडिओवर व्हिडिओ, आवाज अख्ख्या गाडीला पुरून उरेल एवढा. ढोल वाजला, कुणी किंचाळलं, हशा पिकला. पिशवीत करडानं कान टवकारले. ताराबाईनं पिशवीवर पदर ओढला.

"आप्पा, आवाज जरा बारका करता का?"

"कावून? घ्या, तुमी बी बघा की, लई भारी हाय!" आप्पांनी मोठ्या मनानं मोबाइल तिच्याकडं कलता केला आणि आवाज आणखी चढवला.

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. भांडावं तर कंडक्टर येणार. तेवढ्यात करडानं ओरडायला तोंड उघडलं. ताराबाईनं ते चटकन पिशवीतून काढलं आणि थेट आप्पांच्या मांडीवर ठेवलं.

"जरा धरा आप्पा, माझं बोचकं सुटलंय. एक हात पोटाखाली घ्या, आन दुसऱ्याचं बोट तोंडात द्या. न्हाईतर वरडतंय ते."

आप्पांना तिसरा हात नव्हता. मोबाइल मुकाट्यानं खिशात गेला. करडू बोट चुटूचुटू ओढायला लागलं आणि आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बोचक्याची गाठ काही ताराबाईला शेवटपर्यंत जमली नाही.

गाव आलं तसा कंडक्टर गरजला, "चला, दिंद्रुडवाले! दिंद्रुड!"

"हळू बोल बे!" आप्पा डोळे वटारून कुजबुजले. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."

ताराबाईनं करडू घ्यायला हात पुढं केले, तर आप्पाच उठून उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या. बोट काढलं तर जागं हुईल," म्हणाले, आणि तिकीट पुढच्या माजलगावचं असूनही तिच्यामागं दिंद्रुडला उतरले.