लग्नाचा कॅमेरा बोडक्या माळावर

मी एक जुना कॅमेरा आहे. मित्रांनो, जुना म्हटल्याबरोबर तुमच्यातल्या काहींनी नाक मुरडलं असेल. मुरडा खुशाल! मला त्याची सवय आहे. माझ्या पकडीचं रबर निघालं, म्हणून तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आहे. पाठीवरच्या पडद्याला कोपऱ्यातून तडा गेला आहे. बॅटरी तर म्हाताऱ्या माणसाच्या दमासारखी, चार पावलं चालली की बसते. पण नजर माझी शाबूत आहे. आज जे सांगणार आहे ते मी स्वतः पाहिलेलं आहे, ऐकीव एक अक्षर नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही आणि आठवलं असतं तरी मी मिरवलं नसतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं मांजरसुंब्याच्या फाट्यावर, नबीभाईंच्या फोटो स्टुडिओत. एका बाजूला धाबा, दुसऱ्या बाजूला पंक्चरचं दुकान आणि मध्ये आम्ही. बारा वर्षं मी लग्नं काढली. हळदी, निकाह, वलीमे, बारशी, काय म्हणाल ते! माझ्या बटणांच्या फटीत अजून हळद सापडेल. लोक म्हणायचे, "फोटो काढावा तं नबीभाईच्या कॅमेऱ्यानं!" तेव्हा मला गळ्यात घालून नबीभाई असे चालायचे की नवरदेवानं बाजूला व्हावं.

आमच्या धंद्यात एक रीत होती आणि ती मला कधीच पटली नाही. मी खरा फोटो काढायचा आणि स्टुडिओतल्या तौसीफनं तो कॉम्प्युटरवर 'सुधारायचा'. तौसीफ नबीभाईंचा भाचा, हाताचा हुशार आणि मनाचा मऊ. नवरी उभी असायची घरामागच्या कडब्याच्या गंजीपाशी, पण अल्बममध्ये ती विलायती बागेत पोचायची. मागे हिरवळ, धबधबा, गुलाबाचे ताटवे. नवरा सावळा असेल तर गोरा व्हायचा. लोक खूश, तौसीफ खूश, नबीभाई खूश. मी एकटा मनात चरफडायचो. अरे, मी एवढं नीट बघून टिपलं, ते काय तुम्ही पुसून टाकावं म्हणून?

मग हातोहाती मोबाइल आले, लग्नात ड्रोन भिरभिरू लागले आणि नबीभाईंनी नवा कॅमेरा घेतला. एकदा एक गिऱ्हाईक माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, "हा डबा कावून ठिवलाय बे? दी की भंगारात!" नबीभाई हसले. ते हसले याचं मला जास्त लागलं. दोन वर्षं मी खणात पडून होतो, मेलेले चार्जर आणि गंजकी कात्री यांच्या सोबतीला. तिथे मी रडलो नाही. रुसलो मात्र जाम.

मला बाहेर काढलं आफ्रीननं. ती नबीभाईंची लेक, अंबाजोगाईला कॉलेजात शिकते. यंदा एप्रिलच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा लग्नसराई ऐन भरात होती. नवा कॅमेरा रोज मांडवात आणि मी रिकामा. तिनं मला फुंकर मारली, मऊ फडक्यानं पुसलं, लांबचं जवळ दाखवणारी एक जुनी लेन्स पुढे बसवली आणि रानातली पाखरं टिपायला स्कूटीवरून थेट घाटवस्तीला नेलं.

घाटवस्ती आमच्या फाट्यापासून चार किलोमीटर. तिच्या डोक्यावर एक माळ आहे. गाव त्याला बोडका माळ म्हणतं. उन्हाळ्यात तिथे मुरूम, काटे आणि वाळलेलं कुसळ, याखेरीज काही नाही अशी सगळ्यांची खात्री. त्या माळावर सरस्वतीबाई शेळ्या चारतात. हिवाळाभर ऊसतोडीला कड्याच्या साखर कारखान्याकडे असतात आणि होळी झाली की घरी येतात. त्यांनी आफ्रीनला पहिल्याच दिवशी सांगितलं, "पोरी, हितं खोकडीण व्यालीया. पाच पिल्लं हायत. पर गप बसाया जमंल का तुला?"

खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, लांब कानांचं, शेपटीचं टोक काळं असलेलं देखणं जनावर. पहिल्या पहाटे आम्ही बाभळीखाली बसलो. उजाडता उजाडता बिळातून एक नाक बाहेर आलं. मग दोन कान. आफ्रीननं श्वास रोखला, बटण दाबलं आणि मी काय केलं? फ्लॅश उडवला! मांडवात बारा वर्षं हेच केलेलं, अंधुक दिसलं की उडव फ्लॅश. लख्ख उजेड पडला आणि खोकडीण गायब. सरस्वतीबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं, वरातीला आलीस का काय!" चूक माझी होती. मी ती कबूल करतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शहाणे झालो. आफ्रीननं फ्लॅश बंद केला आणि पिवळी ओढणी घरी ठेवली. सरस्वतीबाईंनी आपलं मातकट जुनं लुगडं बोरीच्या दोन झुडपांमध्ये ताणून आडोसा केला. भोवती त्यांच्या शेळ्या चरायच्या, त्यामुळे खोकडीण निर्धास्त असायची. आम्ही पहाटेपासून आठ वाजेपर्यंत बसायचो. त्यानंतर ऊन असं तापायचं की माझं अंग हातात धरवत नसे.

आणि मित्रांनो, काय काय पाहिलं म्हणून सांगू! टिटवी उघड्या मुरमात अंडी घालून बसली होती. ऊन वाढलं की ती अंड्यांवर पाय फाकून उभी राहायची, त्यांना सावली म्हणून. मधूनच उडत जाऊन शेळ्यांच्या पाण्याच्या टाकीत पोट भिजवून यायची आणि तो ओलावा अंड्यांना द्यायची. चंडोल आभाळात चढून गायचा. घोरपड दगडावर अंग शेकत पडायची. आणि ती खोकडाची पिल्लं! एकमेकांच्या शेपट्या ओढायची, कोलांट्या खायची, आईच्या कानाला लोंबकळायची. एकानं तर कुठूनशी एक चप्पल पळवून आणली होती, निळ्या पट्ट्याची, अंगठ्याशी तारेनं शिवलेली. रोज त्या चपलेवरून त्यांची भांडणं. बारा वर्षं मी 'जरा हसा, इकडे बघा' ऐकत आलो होतो. इथे कुणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि मला आयुष्यात इतकं सुख कधी झालं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी सरस्वतीबाई धापा टाकत आल्या. "पोरी, घात झाला! परवा माळावर जेसीबी येतोय. उद्याच्या सभंत ठराव हाय."

बातमी खरी होती. वस्तीला पक्का रस्ता नाही. पावसाळ्यात बाळंतीण बाई खाटेवर घालून फाट्यापर्यंत आणावी लागते. सरपंच आसाराम यांनी खटपट करून रस्ता मंजूर करून घेतला होता आणि त्याला लागणारा मुरूम बोडक्या माळावरून काढायचा होता. ज्या उतारावर बीळ, नेमका तोच उतार! माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला रस्ता हवा होता आणि तो हवाच होता. पण जेसीबीचा एक पंजा पडला की पाच पिल्लं जित्तीच गाडली जाणार होती.

आफ्रीननं संध्याकाळी स्टुडिओत फोटोंची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवली, सगळ्यात चांगला फोटो निवडला आणि तौसीफला म्हणाली, "मोठा काढून ठेव. उद्या सभेत दाखवायचाय." एवढंच सांगितलं. बाकी काही करू नको, हे सांगायचं राहून गेलं. सकाळी तौसीफनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरळी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "मन लावून केलंय बघ!" तेव्हाच माझ्या काचेत धस्स झालं.

एक मेची ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. ग्रामसेवकांनी ठराव वाचला, "सदर जमीन ओसाड असून तेथे कोणताही जीव नाही." हात वर होणार तेवढ्यात आफ्रीन उठली. "काका, जीव आहेत. खोकडाची पाच पिल्लं आहेत. हा बघा फोटो." आणि तिनं सुरळी उलगडली.

काय सांगू! मागे विलायती हिरवळ, कडेला पिवळ्या फुलांचे ताटवे, पल्याड निळं तळं. त्या हिरवळीवर पिल्लांसकट आमची खोकडीण, नवरीसारखी गोरी केलेली. काटे गायब. मुरूम गायब. चप्पलही गायब, कारण तौसीफच्या मते ती घाण होती.

असा हशा पिकला की व्हरांड्याचे पत्रे वाजले. "आरं, हे तं सायबाच्या देशातलं खोकड हाय!" "आपल्या माळावर हिरवळ कवा उगवली?" आसाराम हसत नव्हते. ते आफ्रीनला म्हणाले, "बाळ, आमी अडाणी असू, पर इतके न्हाई. खोटं दाखवून रस्ता अडवतीस व्हय?"

खोटी! ती आणि खोटी! मी तिच्या गळ्यात लटकत होतो. ओरडता आलं असतं तर शाळेच्या भिंतींना तडे गेले असते. काढ मला! मी पाहिलंय! तो कॉम्प्युटर नव्हता तिथे उन्हात, मी होतो!

सरस्वतीबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "हसा! हसून घ्या! पोरी, कागद फेक त्यो. तुज्या त्या डब्यात असंल की खरं, दाव यान्ला."

आफ्रीनच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोटं चालली. बॅटरीची एकच काडी उरली होती. तडा गेलेल्या पडद्यावर तिनं मूळ फोटो आणला आणि मला पहिल्या रांगेत दिलं. या हातातून त्या हातात मी फिरू लागलो. पडदा लहान, त्यात ऊन. लोक डोळे बारीक करून बघत होते. "मुरूम तं आपलाच दिसतोय." "कशावरून? मुरूम काय सगळीकडं हाय." मी जीव धरून होतो. आता डोळा मिटला असता तर पिल्लं गेली असती.

तिसऱ्या रांगेत धुळाजी बसले होते. ते माळाखालच्या शेतात राहतात. त्यांनी मला नाकाशी धरलं आणि एकदम ओरडले, "आरं! ही तं माजी चप्पल!"

सगळे वळले. "माजीच! ही तार म्या सोता शिवलीया! आन् म्या महिनाभर त्या सोमेश्वरच्या कुत्र्याला शिव्या घालायलोय!" मागून सोमेश्वर म्हणाला, "घाल आता खोकडाला शिव्या. माज्या कुत्र्याची माफी माग आदी!" पुन्हा हशा झाला, पण हा हशा वेगळा होता. धुळाजींची ती तारेनं शिवलेली चप्पल अख्ख्या वस्तीनं रोज पाहिलेली. तिच्यावर दोन पिल्लं दात रोवून बसली होती. तेवढं दाखवलं आणि माझी बॅटरी संपली.

आसारामांनी ग्रामसेवकांच्या हातातला ठराव मिटवला. मग म्हणाले, "हात वर करू नका कुणी. आदी म्या बघून येतो."

संध्याकाळी ते एकटेच माळावर आले. आफ्रीननं बॅटरी भरून आणली होती. लुगड्याच्या आडोशामागे तो धिप्पाड माणूस मांडी घालून बसला आणि त्यानं माझ्या मागच्या खिडकीला डोळा लावला. आसारामांच्या पापण्यांची उघडझाप मला जाणवत होती. ऊन उतरलं. बिळातून एक नाक आलं, मग दुसरं. माझ्यावरची त्यांची पकड सैल होत गेली, कुणाचं तान्हं बाळ हातात घेतल्यासारखी.

मग ते कुजबुजले, "सरस्वतीमावशे, पाच न्हाईत. सहा हायत. एक बारकं मागं बसलंय."

दुसऱ्या दिवशी सभा परत भरली. मुरूम आटलेल्या पाझर तलावाच्या सांडव्याकडून घ्यायचा ठरला. ट्रॅक्टरला फेरा लांब पडला, दोन दिवस जास्त लागले, पण रस्ता झाला. ग्रामसेवक म्हणाले, ठरावातलं ते वाक्य राहू द्या, कुणी वाचत नाही. आसारामांनी पेन मागून घेतलं आणि 'तेथे कोणताही जीव नाही' यावर स्वतः काट मारली.

मित्रांनो, मला कपाटात ठेवून माझी पूजा करू नका. कीव तर मुळीच करू नका. मला ऊन द्या, धूळ द्या, काम द्या. पुसायचं तर माझी काच पुसा, मी पाहिलेलं पुसू नका. काटे असतील तर काटे राहू द्या. माळ बोडका असेल तर बोडकाच दिसू द्या, त्याला लाजण्यासारखं त्यात काही नाही. आणि उद्या कुणी तुमच्या गावातली एखादी जागा दाखवून म्हणालं, "इथे काय आहे? काहीच तर नाही," तर मान डोलावू नका. तिथे जाऊन एक पहाट गप बसा. आठ दिवसांपूर्वी सहावं पिल्लू बिळापासून एकटंच लांब गेलं, कुसळात झेपावलं आणि तोंडात उंदीर धरून ताठ शेपटीनं परत आलं. त्याचा फोटो माझ्यात आहे. तो सुधारायला मी कुणालाही देणार नाही.